बाबांच्या शेजारची जागा

१९ नोव्हेंबर

प्रिय धाकल्या,

ताईचा सलाम. तू, भावजय आणि लेकरं खुशाल असाल. रोजच्या प्रार्थनेत तुमची नावं घेतेच, त्यामुळे खुशाल असायलाच हवं. माझे गुडघे कुरकुरतात, पण भट्टीवर जाणं सोडलेलं नाही. मैदा मळणं आता झेपत नाही, म्हणून मालकाच्या मुलाने मला पाव बांधायला बसवलंय. बसल्या जागेवरून सगळ्यांना सूचना करते, तर पोरं मला 'हेडमास्तर' म्हणतात. म्हणू देत.

परवा भट्टीचं धुराडं साफ केलं. पावांचा पहिला घाणा बाहेर आला तेव्हा अगदी जुना वास सुटला. वाटलं, आता बाबा पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर करून विचारतील, "काय गं, आज शाळेला दांडी?" तुला आठवतं, ते आपल्याला कणकेचा एकेक गोळा द्यायचे? मी फुलं करायची आणि तू कायम उंदीर. बाबा ते उंदीरसुद्धा भाजायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, "हे विकायचे नाहीत, कारागीर फार महागडा आहे." जळके पाव घरी आणायचे आणि स्वतःच खायचे. आई चिडली की म्हणायचे, "चांगले पाव दुकानात शोभतात, जळके माझ्या तोंडाला."

देवळात वेदीमागच्या भिंतीवर वधाला नेलेल्या कोकराचं, म्हणजे आपल्या प्रभू येशूचं, चित्र होतं. अजून आहे, रंग तेवढा उडालाय. एकदा भर उपासनेत तू मोठ्याने विचारलंस, "बाबा, ते कोकरू पळून का नाही गेलं?" सगळे हसले. बाबा हसले नाहीत. तुझ्या कानाशी वाकून म्हणाले, "त्याच्या मागे कुणीतरी उभं होतं ना, म्हणून." तुला ते पटलं नव्हतं. घरी येईपर्यंत तू विचारत होतास, कोण उभं होतं, कोण उभं होतं.

बरं, आता इकडचं तिकडचं पुरे. दोन पानं झाली आणि मी अजून मूळ गोष्टीला हात घातला नाही. रागावू नकोस. म्हणजे रागावशीलच, पण आधी शेवटपर्यंत वाच.

पोत्या माझ्याकडे राहत होता.

हो, तोच, भट्टीवर बाबांच्या हाताखाली होता तो. पिठाच्या पोत्यांवर दिवसाढवळ्या घोरायचा म्हणून तूच ठेवलेलं नाव. त्या दुपारचं तुला मी काय सांगणार? दारू पिऊन, पेटती सिगरेट हातात धरून तो कोठारात झोपला. कोठार पेटलं. सगळे बाहेर पळाले आणि बाबा उलटे आत गेले. त्याला मागच्या खिडकीतून ढकललं, तेवढ्यात छप्पर खाली आलं. तू बादली घेऊन माझ्या शेजारीच उभा होतास. अंत्यविधीला पाळकसाहेब म्हणाले, देवाच्या कोकरामागे चालणारा माणूस गेला. तेव्हा तू उठून ओरडलास, "कुणासाठी गेला ते तरी बघा! एका दारुड्यासाठी!" त्यानंतर तू देवळाची पायरी चढला नाहीस. आईला माती द्यायला आलास तेही देवळाच्या फाटकापर्यंतच. मी तुला कधी बोल लावला नाही. मलाही तेच वाटत होतं, फक्त माझा आवाज फुटला नाही.

मागच्या थंडीत तो दारात आला. ओळखलंच नाही मी. छाती खराब, इस्पितळाने घरी पाठवलेला, आणि घर तर नाहीच. "ताई, एक दिवस," म्हणाला. मी दार लावलं आणि कडी घातली. खोटं कशाला सांगू? आतून त्याचा खोकला ऐकत उभी राहिले. मनात आलं, बाबांनी ज्याला आगीतून बाहेर काढलं त्याला मी थंडीत मरायला सोडणार, आणि रविवारी त्या चित्रासमोर जाऊन बसणार! कडी काढली.

तो सुधारला होता असं समजू नकोस. पहिले काही महिने चोरून पीतच होता. माझ्या भाजीला मीठ नाही म्हणून तोंड वाकडं करायचा. मला वाटायचं, प्रभूचं अनुकरण म्हणजे बाबांसारखं काहीतरी मोठं करणं. माझ्या वाट्याला आलं ते पोत्याचं थुंकीचं भांडं धुणं. कितीदा तरी नाक मुरडून, चडफडत धुतलं. पण धुतलं. आपण लायक होतो म्हणून का प्रभूने जीव दिला? हे मी लहानपणापासून तोंडपाठ म्हणत आले, पण कळलं मात्र मोरीत बसून.

एका संध्याकाळी त्याने आपण होऊनच विषय काढला. "ताई, तुमचे वडील आत आले तेव्हा काय म्हणाले ठाऊक आहे?"

मी म्हटलं, "नको सांगूस." मग थोड्या वेळाने म्हटलं, "सांग."

"'ऊठ रे, चहा झालाय.' रोज मला उठवायचे ना, अगदी तस्संच. मी घाबरू नये म्हणून. चारही बाजूंनी आग आणि हा माणूस म्हणतो, चहा झालाय!" तो हसायला लागला आणि हसता हसता रडला. मीही.

'राहत होता' असं लिहिलं, ते तुझ्या नजरेतून सुटलं नसेल. गेल्या मंगळवारी सकाळी तो गेला. माझा हात धरून गेला.

त्याचं कुणीच नव्हतं. पाळकसाहेब म्हणाले, भिंतीकडेच्या कोपऱ्यात पुरू. मी म्हटलं, नको, बाबांच्या शेजारी. हो, ती माझी जागा. आई गेली तेव्हा आपण दोघांनी दोन्हीकडच्या जागा राखल्या, बाबांकडची माझी, आईकडची तुझी. ते म्हणाले, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, "बघू तेव्हा." तुला विचारायला हवं होतं. तू नाही म्हणशील म्हणून विचारलं नाही.

आता सगळं लिहून झालं. बोलायचं टाकू नकोस रे.

तुझीच,
ताई


२ डिसेंबर

ताई,

पत्र फाडणार होतो, बायकोने हातातून काढून घेतलं. पुढचं तिनेच वाचून दाखवलं.

त्या माणसाला मी माफ केलंय असं समजू नकोस. जमेल की नाही, माहीत नाही. तू त्याला बाबांच्या शेजारी ठेवलंस याचाही राग आलाय. आणि मला न विचारता! तू बाबांच्याच वळणाची, दुसरं काय.

पण एक सांगतो. बाबांचा आवाज मी विसरलो होतो. चेहरा आठवायचा, आवाज नाही. बायकोने ते चहाचं वाक्य वाचलं आणि तो ऐकू आला. दुसऱ्या दिवशी कामावर वेल्डिंग करताना दोनदा चष्मा काढावा लागला.

'बघू तेव्हा' म्हणे! आईच्या शेजारची माझी जागा तुझी. पाळकसाहेबांना मी स्वतः सांगेन. रविवारी सकाळच्या गाडीने येतोय. उपासनेला आत येईन की फाटकाशीच थांबेन, ते आत्ता विचारू नकोस. तू मात्र बाकावर शेजारी कुणाला बसू देऊ नकोस.

तुझा, अजून रागावलेला,
धाकल्या