ओळख दाखवायची नाही

सोम. ४ ऑगस्ट

साध्या कपड्यांतला पहिला दिवस. इतकी वर्षं युनिफॉर्म होता, पिस्तूल कमरेला उघडं, लोक आपणहून लांबून जायचे. आज तेच पिस्तूल जॅकेटखाली. व्हॅनवर सिक्युरिटी कंपनीचं नाव नाही. सोनाराच्या दुकानातून माल घेऊन निघालो तेव्हा मी कुणीही नव्हतो, दूध-ब्रेड घ्यायला आलेला कुणाचा तरी नवरा. सिओने (जोडीदार, टोंगा बेटांवरचा, दारातून तिरका होऊन जातो एवढा आडवा) म्हणाला, "रिलॅक्स, मेट. यू वॉक लाइक अ कॉप." नशीब, इथे ऑगस्टात थंडी असते. उन्हाळ्यात जॅकेट घालून हिंडलो तर...

सकाळी डेबने, म्हणजे बॉसने, नियम म्हणून घेतले, शाळेत पाढे घेतात तसे. पिस्तूल कमरेवर असताना कुणालाही हाताच्या अंतरात येऊ द्यायचं नाही. कुणालाही ओळख दाखवायची नाही. या कामाचं फक्त बायकोला ठाऊक असलेलं चालेल. शिफ्ट संपली की पिस्तूल डेपोत जमा, मगच घर. वर एक जाडजूड पुस्तिका. वाचीन.

दिवसाची शिफ्ट मिळाली. मिया शाळेतून येते तेव्हा बाप घरात. देवाची कृपा, दुसरं काय.

गुरु. ७

व्हायचं तेच झालं. स्कोफिल्ड्सजवळचं शॉपिंग सेंटर, अर्ध्या ट्रॉल्या आपल्याच माणसांच्या हातात.

"अरे नेल्सन! ए नेल्या!"

रोझीमावशी. ट्रॉली तिथेच सोडून, हात पसरून. तिची मिठी बरोबर कमरेला पडते, उंचीच तेवढी. माझा हात आपोआप पुढे झाला, थांबा म्हणतात तसा. "एक्स्क्यूज मी, मॅम," म्हणालो आणि चालत राहिलो.

मॅम! रोझीमावशीला!

वळून पाहिलं नाही. दुकानाच्या काचेत दिसली. हातात फ्रोझन बोंबलांचं पाकीट, आणि हात अजून अर्धे पसरलेले.

व्हॅनमध्ये सिओनेने विचारलं, "यू नो हर?" नो म्हणालो. दोन सिग्नल गेल्यावर म्हणालो, आई आहे. सख्खी नाही, पण आई आहे. त्याने हीटर माझ्याकडे वळवला.

शुक्र. ८

मावशीचा सकाळचा मेसेज आला नाही. मारियामातेचं चित्र, गुलाबाची फुलं, 'शुभ सकाळ बाळा'. रोज येतो आणि मी कधी उत्तर देत नाही. आज चार वेळा फोन उघडून बघितला.

स्टुडंट असताना डिलिव्हरीच्या सायकलवरून उडालो, गळ्याजवळचं हाड मोडलं. हॉस्पिटलवाले विचारत होते, कुणाला कळवायचं? माझ्याकडे चर्चमध्ये भेटलेल्या एका वसईच्या बाईंचा नंबर होता, बस. ती आली, नर्सला "माय सन" म्हणाली आणि घरी घेऊन गेली. हात गळ्यात होता तोवर माझं डोकं तिने धुतलं. आईला वसईला फोन लावून म्हणाली, "तुझा पोरगा माझ्याकडं हाय. तू शांत झोप." अनिताचं स्थळही तिनेच आणलं. माझ्याकडे आज जे काही आहे त्यात तिचा हात नाही असं एकही नाही.

अनिता म्हणाली, "सांगून टाक ना. मावशीच आहे."

मावशीच आहे, तेच तर. आईप्रमाणे तिलाही मी सिक्युरिटीत आहे एवढंच ठाऊक, पिस्तुलाचं नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारी सांगितलं तर संध्याकाळी चर्चच्या अख्ख्या पॅरिशला कळेल, नेल्सन साध्या कपड्यांत सोनं पोचवतो. ते कुणा भलत्याच्या कानावर गेलं तर? त्या व्हॅनमध्ये सिओनेही असतो. त्याला तीन पोरं.

रवि. १०

चर्चमध्ये मिस्सा. एकमेकांना शांती द्यायची वेळ आली. मावशीने अनिताला जवळ घेतलं, मियाचे गाल ओढले. मला हात जोडले. "कसे आहात?"

आहात! दोन कानाखाली दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

कारमध्ये मिया (इथे आजीला नाना म्हणतात): "इज रोझी नाना मॅड ॲट यू?" अनिताने गाणी लावली.

सोम. ११

शेवटी पुस्तिका वाचली. मावशीला सांगायची काही सोय आहे का बघायला उघडली आणि वेगळंच सापडलं. ड्यूटीवर ओळखीच्या कुणी हाक मारली, ओळखलं, तर त्याच दिवशी कळवायचं. नाही कळवलं तर शस्त्राचं काम बंद, प्रसंगी नोकरीही. गुरुवार होऊन गेला की. जेवण गेलं नाही. अनिताला सांगितलं. ती म्हणाली, "उद्या आधी डेबकडे जा. मग पोटभर जेव."

मंगळ. १२

गेलो. सगळं सांगितलं, सायकलपासून.

डेबने झाडलं, अगदी सालटी काढली. नियम काय शोभेला लिहिलेत का, कुणी मागावर असता तर काय केलं असतंस, वगैरे. सगळं खरं. मग विचारलं, त्या बाईला काय सांगितलंस? काहीच नाही, म्हणालो.

मी विचारलं, एका माणसाला सांगू शकतो का? "नो." माझी आई आहे असं धरलं तरी? "नॉट इव्हन माय मम नोज, मेट."

निकाल: लेखी ताकीद. साध्या कपड्यांतून बाहेर, पुन्हा युनिफॉर्म, वरच्यांचं ठरेपर्यंत. नोकरी राहिली. जीव भांड्यात पडला. दारातून निघताना तिने हाक मारली. "व्हिच डे डज शी शॉप?"

गुरुवारी, म्हणालो. शुक्रवारचे मासे घ्यायला.

गुरु. १४

रोस्टर: तेच सेंटर, सकाळ. युनिफॉर्म, मोठी चिलखती व्हॅन. रोस्टर डेबच लावते, मी कारण विचारलं नाही. या बाईचे उपकार कसे फेडायचे, तेही न बोलता, समजत नाही.

मावशी आली. आधी व्हॅन बघितली, मग मला, मग कमरेचं पिस्तूल. जागच्या जागी थांबली. युनिफॉर्मात बोललेलं चालतं, जवळ आलेलं नाही.

"मावशी," म्हणालो.

हात तोंडावर नेला तिने. पुढे एक पाऊल टाकलं, सिओने हलला, तशी मागे झाली. क्रूसाची खूण केली, स्वतःवर नाही, माझ्या दिशेने. आणि ट्रॉली ढकलत गेली.

शुक्र. १५

संध्याकाळी फोन. आधी नुसता आरडाओरडा. बंदूक! एवढं शिकून बंदूक! पोरीचा बाप आहेस! आईला ठाऊक आहे का तुझ्या? नाही म्हणालो. आणखी ओरडली. ऐकत राहिलो, इतकं बरं वाटत होतं. अरे-तुरे चाललं होतं सगळं.

मग एकदम हळू आवाजात:

"त्या दिवशी पन व्हतं ना तुझ्याकडं? जॅकेटच्या आत?"

हो म्हणता येत नव्हतं, नाही म्हणवत नव्हतं. अनिता भांडी तशीच टाकून दारात येऊन उभी राहिली.

"बरं," मावशी म्हणाली, "नको सांगू. मी बी विचारलं नाय, तू बी बोलला नाय." नाक ओढल्याचा आवाज. "माझ्या नवऱ्याला, लॉरेन्सला पन नाय बोलणार. आईला मात्र तू सांगायचं, तुझ्या तोंडानं."

हो म्हणालो. कसं, ते देवालाच ठाऊक.

फोन ठेवला आणि डेबचा मेसेज: वरच्यांचा होकार आलाय. साधे कपडे, सोमवारपासून, मला हवं असेल तर. विचार करून सांग, नो वरीज.

अनिता म्हणते, तुझं तू ठरव. काम चांगलं आहे, वेळा चांगल्या आहेत. पण ते सेंटर टळणार नाही, आणि गुरुवारही. तासाभराने पुन्हा मावशीचा फोन, एवढंच सांगायला:

"आता दिसलास तर मी हाक नाय मारणार. तू नीट जा."