बारा किलोचं अंडं

१२ जाने. ९८, सोम.
हस्तलिखित परत आलं. नऊ वर्षांची कादंबरी, पाचशे बारा पानं. प्रकाशकाने सगळी वाचलीय. अकराव्या प्रकरणावर मात्र पेन्सिलीची आडवी रेघ. 'बारा किलोचं अंडं छातीशी धरून सेनापती एका दमात गड चढतो? पटत नाही. हे काढा, मग बघू.'
काढा म्हणे! दोन डोक्यांच्या गंडभेरुंडाचं अंडं गडावर पोचलंच नाही, तर पुढची कादंबरी उभी कशावर? दहावी नापास असेन, पण बावीस वर्षं लेथवर आहे. मोजल्याशिवाय लिहीत नाही.
(हे मात्र मोजलं नव्हतं.)

२१ जाने., बुध.
पहिली पाळी करून थेट बाजार. अंड्याच्या वजनाचं डांगर शोधलं, चांगला लाल भोपळा. भाजीवाली मावशी, "लय मोठं हाय, दादा. घरात लगीन हाय का?" म्हटलं, "नाही, गड चढायचाय." बघतच राहिली. बारा किलो साठ ग्रॅम. देठ छाटला. बरोबर बारा.
सुमन म्हणते, "बायकोला कधी देवीला नेलं नाहीत. डांगराला नेताय." म्हटलं, तूही चल.

२५ जाने., रवि.
वणीचा गड. डांगर जुन्या धोतरात गुंडाळून छातीशी, प्रकरणात आहे तस्सं. एका म्हातारीने विचारलं, "कसला नवस हे रे, भाऊ?" सुमन म्हणाली, "पुस्तकाचा." म्हातारीने डांगराला कुंकू लावून हात जोडले. मागच्या चौघांनीही जोडले.
दोनशे चौदावी पायरी. डांगरापुढे पाय दिसेनात. दम खलास. बसलो. प्रकाशक बरोबर, हे काही म्हणवेना.
सुमनने धोतराची चुंबळ केली, डांगर डोक्यावर घेतलं आणि निघाली. थांबली नाही. वर म्हातारीला घारग्यांची कृती सांगत. मी मागे, रिकाम्या हातांनी. माथ्यावर मला म्हणते, "तुमच्या त्या गडावर पाणी कोण वाहतं हो? सेनापती?"
अजून हसू येतंय.

२६ जाने., सोम.
कारखान्यात झेंडावंदन. आलो तो लिहायलाच बसलो. गोदी, गडावर पाणी भरणारी. चौथ्या प्रकरणात एक वाक्य बोलते आणि मरते. तिला जिवंत केलं! आता अंडं तिच्या डोक्यावर, सेनापती मागे धापा टाकत.
डांगराचे घारगे झाले. शेजारी प्रसाद म्हणून खातायत. खाऊ देत.

१५ फेब्रु., रवि.
प्रकरण चार ते अकरा पुन्हा लिहून झालं. प्रकाशकाच्या घरी नेऊन दिलं. वर चिठ्ठी, 'प्रकरण काढलं नाही. स्वतः चढून पाहिलं.' सुमनने वाचली. "स्वतः?" 'दोघांनी' केलं.

३ मार्च, मंगळ.
प्रकाशकाचं पोस्टकार्ड. 'अंडं पोचलं. गोदीचं पुढे काय होतं?' बस्स. छापणार की नाही, एक अक्षर नाही. पण माणूस विचारतोय! कार्ड खिशात घालून कामावर गेलो. तीनदा काढून वाचलं.
पुढे काय, मलाच कुठे ठाऊक? बाराव्यात ती नव्हतीच. सुमनला विचारलं. "आधी ओझं उतरवू द्या तिला. पाणी द्या. मग बोलेल ती."
कोरं पान घेतलं. प्रकरण बारा. गोदीने चुंबळ काढली, आणि