वर्तुळातला ठिपका

सोमवार, २ जून

आले एकदाची! खोकी उतरवताना मर्विन टिब्सची कंबर धरली, माझी चहाची किटली फुटली, पण आले. होबार्टच्या शाळेच्या ग्रंथालयात पोरांना गप्प करण्यात जन्म गेला. आता निवृत्तीनंतर असं काम मिळालंय की गप्प करायला समोर कुणी नाहीच. स्काउटांचा जुना हॉल, पत्र्याचं छप्पर, आणि मागे एक खोली, तीच माझी. शेगडी छान पेटते, इथे जून म्हणजे ऐन हिवाळा. खिडकीतून रस्ता दिसतो, पलीकडे एक पिवळं घर आणि त्यामागे ओढ्याकडे उतरणारी झाडी.

गावात मुलंच उरली नाहीत, म्हणून पथक बंद झालं. आता इथले सगळे कागद, फोटो, झेंडे लावून होबार्टच्या दप्तरखान्यात पाठवायचे आहेत. मर्विन पथकाचा शेवटचा प्रमुख. त्याने भेटल्याबरोबर डावा हात पुढे केला आणि मी बावळटपणे उजवा. मग काय, चेष्टा सुरू. म्हणे, अहो नोरीनबाई, स्काउटांच्या घरात राहायचं तर डावा हात द्यायला शिका, नाहीतर भिंती रागावतील! म्हातारा मोठा गमत्या आहे.

समोरच्या पिवळ्या घरातल्या आयव्ही क्विलबाईंनी भोपळ्याचे गरमागरम स्कोन, छोटे गोडसर पाव, पाठवले. सगळे मीच खाल्ले.

बुधवार, ४ जून

कामात जीव रमलाय. काय एकेक फोटो! टोप्या मोठ्या, पाय काटकुळे, आणि चेहरे असे की साम्राज्य यांच्याच खांद्यावर उभं आहे. युद्धाच्या काळात हीच पोरं घरोघर फिरून भंगार गोळा करत होती. एका फोटोत कुणाच्या तरी आजीचा बाथटबच उचलून नेताहेत.

पटावर काही नावांपुढे छोटं वर्तुळ आहे, मधोमध ठिपका. मर्विनला विचारलं. ही माग काढण्याच्या खेळातली शेवटची खूण. खेळात पुढचा मुलगा काटक्यांचे बाण मांडत जातो आणि बाकीचे ते वाचत मागून येतात. शेवटी दगडांचं वर्तुळ, मध्ये एक खडा. अर्थ, खेळ संपला, मी घरी गेलो. म्हणून स्काउट वारला की त्याच्या थडग्यावरही हीच खूण. मला इतकं आवडलं की म्हटलं, माझ्याही दगडावर काढा हो. तो म्हणाला, आधी गाठी मारायला तर शिका!

आणखी एक रीत सांगितली. रांगेत सगळ्यात मागे जो असतो, त्याने प्रत्येक खूण मोडत यायचं, म्हणजे दुसरं कुणी भलतीकडे जात नाही.

हॉलच्या भिंतीवर एक पितळी पाटी आहे. डेसमंड क्विल, आणि खाली तेच वर्तुळ. हा समोरच्या बाईंचा कोण, म्हणून विचारलं, तर मर्विनने टोपी उचलली आणि चालू पडला. चहा तसाच राहिला.

शनिवार, ७ जून

सकाळी उंबऱ्यावर काटक्यांचा बाण. टोक आत, माझ्या खोलीकडे. कुणा पोराचा चावटपणा म्हणून लाथेने उडवला. मग आठवलं, गावात पोरं आहेत कुठे? वॉलबीने, त्या छोट्या कांगारूने, वगैरे केलं असेल. करू दे.

दुपारी आयव्हीबाई चहाला आल्या. डेसमंड त्यांचा धाकटा भाऊ. आई लवकर गेली, त्यामुळे यांनीच त्याला वाढवला. युद्ध संपल्यानंतरच्या हिवाळ्यात पथकाचा मागाचा खेळ होता. डेसी रांगेत शेवटी. धुकं पडलं, बाकीची मुलं परतली, हा आलाच नाही. कधीच सापडला नाही. तेव्हापासून बाईंनी पुढच्या दाराला कडी लावलेली नाही. एवढं सांगतानाही त्यांचा आवाज हलला नाही.

येत्या शुक्रवारी त्यांचा भाचा त्यांना बर्नीच्या वृद्धाश्रमात नेणार आणि घराला कुलूप लागणार. बाईंना घर सुटल्याचं दुःख नाही. काळजी एकच. माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, पोरी, तो आला तर दार कोण उघडेल गं? मी म्हटलं, मी समोरच आहे ना, मी उघडीन. दुसरं काय बोलणार? त्या बिचारीच्या चेहऱ्यावर इतकं हसू आलं की मला लाजच वाटली.

मंगळवार, १० जून

आज बाण खोलीच्या आत. पलंगाकडे टोक. काटक्या ओल्या, ओढ्याचा काळा चिखल लागलेला. दार रात्रभर बंद होतं, मी स्वतः लावलं होतं. झाडून टाकला आणि केरसुणी ठेवून वळले, तर पुन्हा तिथेच.

मी किंचाळले. हो, किंचाळले.

मर्विनला बोलावलं. बाण बघितला आणि तो भडाभडा बोलू लागला. त्या दिवशी संघनायक तोच होता, खुणा मांडणारा तोच. थंडीने कंटाळला. ओढ्याकाठी मध्येच वर्तुळ मांडलं, खेळ संपवला आणि घरी जाऊन गरम सूप प्यायला. शोधायला निघालेल्या माणसांना ते वर्तुळ दिसलं. सगळे स्काउटच ते! त्यांनी वाचलं, मी घरी गेलो. म्हणजे डेसी घरी पोचला. माघारी फिरले. तो घरी आहे ना हे विचारायला आयव्हीच्या दारावर थाप पडेपर्यंत अंधार झाला होता आणि बर्फ सुरू. माग काढावा तर एकही बाण जागेवर नाही. गुणी पोराने रीतीप्रमाणे प्रत्येक खूण मोडत नेली होती.

ते वर्तुळ आपलं होतं, हे मर्विनने आजवर कुणाला सांगितलं नाही.

माझा संताप संताप झाला. त्या बाईने दार उघडं ठेवून म्हातारपण काढलं आणि तुम्ही रोज तिला टोपी उचलून नमस्कार करता! असं तोंडावर सुनावलं. तो लहान मुलासारखा रडला. मग त्याचीही दया आली.

बुधवार, ११ जून

झोप नाही. पण एक सुचलंय. डेसी अजून माग शोधतोय. त्याला दुसरी भाषा येत नाही, खुणाच येतात. मग खुणाच देऊ. ओढ्यापासून थेट आयव्हीच्या दारापर्यंत. उद्याच, ती इथे आहे तोवर. निदान एकदा तरी तो तिच्या दारात पोचू दे.

मर्विनने बाण मांडायला शिकवलं.  ओढ्याशी यायला मात्र तयार नाही. म्हणाला, बाई, मला तेवढं सांगू नका.

आज खोलीत बाण नाही. जणू पोराने ऐकलं.

गुरुवार, १२ जून, दुपार

धुकं. हाताला हात दिसत नाही.

ओढ्यापासून बाण मांडत आले. तिसरा मांडून मागे पाहिलं तर दुसरा मोडलेला. काटक्या विस्कटलेल्या. वारा नव्हता. चौथा मांडला, तिसरा गेला. मग मागे पाहिलंच नाही. फक्त ऐकत होते. काटक्यांचा आवाज आणि ओल्या बुटांचा—

आयव्हीच्या पायरीवर दगडांचं वर्तुळ मांडलं, मध्ये खडा. दार ढकललं.

कुलूप.

हाका मारल्या. खिडकीतून पाहिलं, खाटेवर गादी नाही. भाचा एक दिवस आधीच येऊन घेऊन गेला! मला कुणी सांगितलं नाही. आणि मागे फाटकाजवळचा शेवटचा बाण मोडत होता—

पळाले. हॉलमध्ये. कडी लावली आहे.

थोड्या वेळाने

मर्विनला फोन केला. त्याने एकच विचारलं, शेवटी काय मांडलंत? म्हटलं, वर्तुळ. म्हणजे त्याला कळेल, घर आलं.

तो ओरडला, अहो बाई, ती खूण येणाऱ्यासाठी नसते! मांडणारा स्वतःबद्दल सांगतो, मी घरी गेलो. मी!

मी मांडली. म्हणजे मी घरी— तेव्हाही सगळ्यांनी हेच चुकीचं वाचलं. कोण घरी गेलं ते खूण सांगत नाही, आणि आता तो मांडणाऱ्याच्या, माझ्या घरी—

धुकं जरा विरलं तसं खिडकीतून पाहिलं. समोरच्या पायरीवर दगड विस्कटलेले. रस्त्यावर ओली पावलं. लहान. इकडे वळलेली.

मर्विन म्हणतोय निघालोय. धुक्यात कधी पोचणार तो.

दारावर थाप. हळू. वळण लावलेल्या मुलाची.

ताई, आलो गं, म्हणतोय. मी ताई नाही रे बाळा, मी—

आयव्हीला शब्द दिला होता. दार मी उघडीन. पण उठवत नाही.

कडी मी काढली नाही. कडी निघाली आहे.

पाणी. सगळीकडे पाणी. टोपीच्या काठावरून टपटप— हसतोय. किती आनंद झालाय त्याला, देवा—

त्याने डावा हात पुढे केलाय. लिहिते आहे तो माझा उजवा. डावा मोकळाच—