ताईनं दिलेल्या अंजिराच्या काड्या

प्रिय ताई,

'प्रिय' हे सवयीनं लिहून गेले. खोडत नाही, पण त्यावर फार विसंबू नकोस.

आज सकाळी अकोल्यात, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, तुझ्या अंजिराच्या काडीला मूळ फुटलं. पाण्याची बाटली अर्धी कापली, माती भरली, काडी खोचली आणि वरून प्लास्टिकची पिशवी बांधली, एवढंच केलं होतं. आज बघते तर बाटलीला आतून चिकटलेलं पांढरंशुभ्र, शेवईसारखं मूळ! मी किंचाळले. नवरा अर्धी दाढी तशीच ठेवून धावत आला. "गॅस लीक झाला काय?"

ही काडी मी तुझ्या तेरवीला परतवाड्याहून आणली. तुला न विचारता तोडलेली पहिलीच. बाकी सगळ्या तू दिलेल्या. दरवर्षी मी जीपमध्ये बसायच्या आधी ओल्या फडक्यात गुंडाळून, वर दोरा बांधून, तान्हं बाळ द्यावं तशी हातावर ठेवायचीस. आणि दरवर्षी ती माझ्याकडे येऊन काळी पडायची.

"तुया हातच जड हाय बाप्पा," तू म्हणायचीस. "जाऊ दे, पुढच्या साली नेजो."

त्या जड हाताची कीर्ती कुठवर गेली, माहीत आहे ना? आईनं मला लोणच्याच्या बरणीपासून लांब बसवलं. नासलं तर! सासरीही तुझ्याच तोंडून बातमी पोचली. मग कैऱ्या फोडायच्या मी आणि बरणी भरायची जाऊबाईंनी. आई गेली तीसुद्धा "धाकटीच्या हाताले काई लागत नाई" हीच खंत घेऊन. तू तिच्या उशाशी बसली होतीस, ताई. निदान तेव्हा तरी बोलायचंस!

आज मूळ दिसल्याबरोबर पहिला फोन भाऊजींना केला. म्हटलं, "बघा, ताईचा आशीर्वाद. जाता जाता माझा हात हलका करून गेली."

भाऊजी हसायला लागले. मग हसता हसता रडायला.

"आता सांगाले काय हरकत," ते म्हणाले. "तुमाले द्याची काडी तुमची ताई आधी कढत पान्यात बुडवे. मंग फडक्यात गुंडाळे."

"सगळ्यांनाच अशी द्यायची?"

"नाई ना. शेजारच्या रझियाबाईच्या आंगनात पाहा, केवढं झाड झालं. फक्त तुमाले."

"पण काहून?"

"म्या बी इचारलं. तं म्हने, तिच्या घरी अंजीर झालं तं ती इकडे कायले येते?"

वा, ताई! काडीला चटका आणि वरून ओलं फडकं! एवढी हुशारी राजकारणात लावली असतीस तर जिल्हा परिषद तुझी होती.

अगं, 'ये' हा एका अक्षराचा शब्द आहे. तो म्हणायला काय झालं होतं? मी अंजिरासाठी येत होते असं वाटलं तुला? मला अंजीर आवडतही नाही! बिया दातांत अडकतात. तुझी फळं मी घरी आणून वाटून टाकायचे. आणि काडी का मागायचे ठाऊक आहे? मागितली की तुझा चेहरा उजळायचा म्हणून. दुसरं कारण नव्हतं.

फसवलंस याचा राग आहेच, तो इतक्यात जायचा नाही. पण खरं लागलं ते वेगळंच. त्या जीपमध्ये गुडघे पोटाशी घेऊन, कुणाचं तरी गाठोडं मांडीवर घेऊन मी वर्षानुवर्षं तुझ्या दारी येत राहिले, आणि तुला माझी एवढीही खात्री वाटली नाही?

भाऊजींनी फोन ठेवताना हळूच विचारलं, "आता तं तुमच्याच घरी झाड होईन. मंग येसान ना?" घे! तुझी भीती त्या बिचाऱ्यालाही लावून गेलीस.

म्हणून हे वचन. मी परतवाड्याला येईन, दरवर्षी येईन. रिकाम्या हातानं येईन आणि रिकाम्या हातानं परत जाईन. तुझ्या झाडाकडे मान वळवून बघणारसुद्धा नाही. मग तरी तुला पटेल ना गं, मी कुणासाठी येत होते ते?

तुझी,
निमा