बेलावरच्या पाच अळ्या

६ ऑगस्ट, मंगळ.
मागच्या अंगणातल्या बेलावर पाच अळ्या. लिंबाच्या फुलपाखराच्या. तीन अजून पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, दोन हिरव्या झाल्यात. काडी लावली की डोक्यातून लाल शिंगं काढतात, कुजक्या लिंबाचा वास. मलाही हवी होती तशी.
कारण तेवढ्यात घरमालकीण वरून उतरली. (यापुढे घ.मा. पूर्ण लिहिण्याइतकी माया नाही.) "किडकं पान शिवाला चालत न्हाई. सोमवार आलाय श्रावणातला. रविवारी औषध मारून घेते."

८, गुरु.
भांडण. मी : "अक्का, आठ-दहा दिवस थांबा, कोष करतील." ती : "झाड माझं. एवढी माया असंल तर घरात ठेवून घ्या, सरी?" (म्हणजे, बरं का?) वर हसली. बंगळुरातली सगळी बसवनगुडी जणू हिच्या बापाची.
पाचही उचलून आणल्या. बुटांचा खोका, वर जुनी ओढणी.

९, शुक्र.
हिच्या बेलाचं पान तोडणार नाही. मेले तरी. अळ्या कढीपत्ताही खातात. भाजीवाल्याकडून जुडी आणली.
ह्यांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "पानं धुतलीस?" आमटीत घालताना कधी नाही विचारलं!

१०, शनि.
सकाळी भराभर खाल्लं. दुपारी दोघी पानावरून पडल्या. कात टाकायची असेल…

११, रवि.
चार मेल्या. मऊ पडल्या, काळं पाणी सुटलंय. जुडी आज नाकाला लावली. औषधाचा वास. हात दाखवून अवलक्षण.
आणि इकडे फवारणीवाला आलाच नाही. घ.मा.ने शिडी लावून फक्त वरची पानं काढली. "खालच्या फांद्या सोडल्या हो. तुम्ही एवढं बोललात, मला चैन पडंना. औषध नको म्हणून सांगितलं त्याला. पण अळ्या दिसत न्हाईत? घरात नेल्या?"
"नाही. बुलबुलानं खाल्ल्या."
"अय्यो पाप," म्हणाली. खरंच वाईट वाटलं तिला.
तिचा इतका राग आजवर आला नव्हता. दुष्टच राहायला काय झालं होतं बाईला?

१२, सोम.
पाचवी जिवंत. उजाडताच चोरासारखी जाऊन खालच्या फांदीचं पान आणलं, त्यावर ठेवली. धरून बसलीय. खात नाही.
बंद दाराबाहेर घ.मा. पूजा आटपून प्रसाद आणलाय म्हणते. "चहा टाका, बसते स्वल्प." खोका टेबलावर, ओढणी निघालेली. मी इथंच, पेन हातात. हे कडी काढायला उठलेत.