कुशीवर घ्यायला दोघी लागतात

३ नोव्हें., सोम.
किमान पगार वाढला, याच महिन्यापासून. वृद्धाश्रम ज्यांचा, ते सर चहाच्या वेळी म्हणाले, "बघू, बसवू काहीतरी." मी म्हणलं, बसवायचं काय त्यात, कायद्यानं द्यायचाय. दिवसपाळीला आम्ही दोघीच, मी अन् शांता. ती मागून पदर ओढून राह्यली होती, गप म्हणून. मी काय गप बसते? सहा वर्षं म्हाताऱ्यांचं हागणं-मुतणं काढून राह्यले, अन् गावात अजून विचारतात, पोळ्या लाटायला जाती का तिथं.

५ नोव्हें., बुध.
सरांनी एकटीला आत बोलावलं. "एवढा पगार, तेवढं काम आहे का सुमन?" डोकंच सटकलं. म्हणलं, "एकटी मी दोघींचं काम करते सर, विचारा कोणालाबी." हसले. बराबर सुनावलं म्हणून दिवसभर खुशीत होते.

६ नोव्हें., गुरु.
शांताला उद्यापासून येऊ नको म्हणाले. माझंच वाक्य तिला ऐकवलं. सुमन एकटी दोघींचं करते, मग दुसरी कशाला. डबा पिशवीत टाकताना म्हणाली, "ताई, मला एकदा विचारायचं तरी." नवऱ्याचा हात सळईच्या मिलमधी गेला, घर तिच्यावरच हाय. मी चुकले. सरळ लिहून ठेवते, चुकले. पण बोललेय तर आता करून दाखवीन.

८ नोव्हें., शनि.
अण्णांचं काम जड जातंय. रिटायर तलाठी, उजवी बाजू लुळी, देह दांडगा. दर दोन तासाला कूस बदलावी लागते. शांता कंबर अन् पाय धरायची, मी खांदे, "हं" म्हणलं की दोघी एकदम. आता उचलणं होत न्हाई, चादरीसकट ओढते. विचारलं, दुखतंय का. "चालू दे" म्हणाले, दात आवळून.

१० नोव्हें., सोम.
पाठ पुसताना माकडहाडावर लाल चट्टा दिसला. बोटानं दाबला, लाली हटली न्हाई. म्हणजे बेडसोरची सुरुवात. ओढून ओढून कातडी घासली. सहा वर्षांत माझ्या हाताखाली एकालाबी झाला न्हाई, हे मी छातीठोक सांगायची.
अण्णांना खरं ते सांगितलं. म्हणाले, "मी एकटा तीन गावं बघायचो. बरंच काम नुसतं कागदावर व्हायचं." मी मोरीत जाऊन रडले.

१२ नोव्हें., बुध.
पाळी सुटल्यावर वडीगोद्रीकडं शेतात गेल्ते, शांताला भेटायला. शांता कापूस वेचून राह्यली. वर बघितलं न्हाई.
"झालं का तुझं एकटीनं दोघींचं?"
"न्हाई झालं. माझ्यानं होत न्हाई."
"मला सांगून काय उपेग ताई. ज्याला सांगितलं होतं त्याला सांग."
खोटं काय बोलली. चहा पण विचारला न्हाई, अन् मला राग पण आला न्हाई.

१३ नोव्हें., गुरु.
सांगितलं सरांना. "मी फुशारकी मारली सर. एकटीनं होत न्हाई."
म्हणाले, "दोघींना नवा पगार झेपत नाही गं. म्हाताऱ्यांची पोरं फी वाढवून देत नाहीत." खरंबी असंल. पण अण्णांच्या पाठीला ते काय सांगू? म्हणलं, "मंग या, धरा पाय."
आले. बाह्या वर केल्या. मी "हं" म्हणायच्या आधीच उचललं, अण्णा कळवळले. दुसऱ्या खेपेला जमलं. सर घामाघूम. चट्टा दाखवला. बघतच राह्यले. डॉक्टरांना फोन लावला, शांताचं नाव काढलं न्हाई.

१५ नोव्हें., शनि.
कालपासून दर दोन तासाला ऑफिसच्या दारात उभी राहते, "सर, अण्णांची कूस." उठतात बिचारे. काल आईला ठेवायचं विचारायला लोक आल्ते, त्यांच्यासमोर उठावं लागलं. चट्टा वाढला न्हाई. सर आता "हं"ची वाट बघतात. पण सर किती दिवस धरणार, त्यांचीच कंबर धरलीय.
दुपारी अण्णांचे पाय खाली ठेवता ठेवता सरांनी विचारलं, "वेचणी किती दिवस चालते?"
"कुणाची? शांताची?"
सर मला ऑफिसात घेऊन गेले. मंग नव्या पगाराचा कागद पुढं केला, सही कर म्हणाले. पैसा मला नको का? पोरीची फी भरायचीय. पण पेन खाली ठेवला. म्हणलं, आधी तिला फोन लावा, मंग करते.
कागद तसाच टेबलावर हाय, फोन त्याच्या शेजारी. सरांनी अजून उचलला न्हाई. चार वाजले, जाते हाक मारायला.