एसीचं तोंड बोळाकडे

२७ एप्रिल, मंगळवार
ऑफिसचं कॅन्टीन, दुपार

प्रिय दादा,

सादर नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहिलं. तुम्ही कसे आहात? वहिनीची पाठ काय म्हणते? छोटीचे पुढचे दात आले का, की अजून बोळकंच घेऊन फिरतेय?

पत्र बघून तू दचकला असशील. हातात फोन असताना हिला कागद कुठून सुचला! अरे, घरात बसण्याजोगी खोली आता एकच उरलीय, आणि बाबांचे पाय थकले असले तरी कान चांगले शाबूत आहेत. तुझ्याशी फोनवर बोलते ते सगळं त्यांच्यासमोरच. म्हणून मी फक्त "हो", "बरं" आणि "ठीक आहे" एवढंच बोलते, आणि तुला वाटतं बहीण शहाणी झाली. लहानपणी दिवसभर भुणभुण करते म्हणून तू मला भुंगा म्हणायचास. आता वीज कंपनीच्या तक्रार विभागात बसून दिवसभर दुसऱ्यांची भुणभुण ऐकायचा मला पगार मिळतो. केलेलं फेडावं लागतं ते असं.

यंदा उन्हाळा फार लवकर आला. गरम कपडे पेटीत भरायच्या आधीच आला आणि ठाण मांडून बसला. आमच्याकडे सकाळपासून एकच तक्रार, वीज गेली. लोक विचारतात, कधी येईल? मी म्हणते, काम चालू आहे. काम म्हणजे काय, तर एकेका गल्लीतले एसी एवढे वाढलेत की तारा तापून वितळतात. उकाडा वाढला की एसी वाढतात, एसी वाढले की आमचं वीजघर आणखी कोळसा जाळतं, आणि पुढच्या वर्षी उकाडा आणखी वाढतो. साहेब मीटिंगमध्ये यालाच मागणीतली वाढ म्हणतात आणि टाळ्या होतात.

तू पाठवलेला एसी छान चालतोय. हे आधीच लिहायला हवं होतं. गेल्या उन्हाळ्यात बाबा जिन्यात कोसळले, तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे हृदय पुन्हा असला उन्हाळा सोसणार नाही, त्यांना गार खोलीतच ठेवा. यंदा उन्हाळा लागताच तू एसी धाडलास. लोकांचे मुलगे नुसते सल्ले धाडतात. पहिल्या दिवशी बाबा दुपारभर घोरत पडले, आणि मी त्यांच्या घोरण्याकडे बघत खुर्चीत बसून आनंदाने रडले.

बसवायला आलेल्या माणसाने विचारलं, बाहेरचा डबा कुठे लावू? आठवतंय ना, मी तुला फोन लावला होता. तू म्हणालास, मागच्या भिंतीला लाव, पुढे ऊन आहे, मागे बोळात सावली असते. तुझं बरोबरच होतं. सावलीत मशीन चांगलं चालतं, तोही तेच म्हणाला. मीही मान हलवली. बोळाच्या पलीकडे काय आहे, हे तुझ्या लक्षात नव्हतं असं मी धरून चालते. माझ्या लक्षात होतं.

पलीकडे मावशीची खिडकी आहे.

तिला ती एकच खिडकी, दादा. आपल्या खिडकीच्या अगदी समोर. आई गेल्यावर याच बोळावरून तिने आपल्याला वाढवलं. कापड मोजायच्या लाकडी पट्टीच्या टोकाला पिशवी अडकवून ती पलीकडून सरकवायची. पिशवीत कधी गरम जेवण, कधी तुझी शिवलेली चड्डी, आणि तू नापास झालास तेव्हा नुसतीच एक चिठ्ठी, "रडू नकोस, मीही झाले होते." लोक तिच्यावरून आणि बाबांवरून काय काय बोलले, तेही मला आठवतं. तू तेव्हा महिनाभर तिच्या हातचं काही खाल्लं नव्हतंस. तिने मात्र पिशवी पाठवायचं थांबवलं नाही.

बाबा सुटले नोकरीतून, तेव्हापासून रोज दुपारी दोघं आपापल्या खिडकीत. ती शिवत असायची, बाबा त्यांच्या वीजघराच्या गोष्टी सांगत असायचे. त्याच त्या गोष्टी. भट्टीत कोळसा कसा लोटायचा, चिमणीचा धूर कुठल्या रंगाचा झाला की साहेब ओरडायचे. ती म्हणायची, "पुढचं मी सांगू का?" आणि बाबा खुशाल सांगू द्यायचे.

एसी बसल्यावर आपली खिडकी बंद झाली. दोन दिवसांनी तिचीही. मी विचारायला गेले तर हसली. म्हणाली, "अगं, तुझ्या मशीनचे उपकार झाले. दोरीवर कपडे टाकते न टाकते तोच वाळतात." मीही हसले, घरी आले आणि एसी एक अंश वर केला. किती मोठं मन माझं! पुढे तिने खिडकीच्या आतून गोधडी टांगली. मग दुपारी शिवणयंत्राचा आवाज यायचा बंद झाला.

बाबांनी विचारलं, "तिचं यंत्र का वाजत नाही?"

मी म्हटलं, "गिऱ्हाईक कमी झालंय."

मी जेवणाची ताटं उचलली.

आता मुख्य गोष्ट. मागच्या महिन्यात एकदा मी अर्धा दिवस रजा टाकून घरी आले. दार उघडते तर गरम वाफ अंगावर आली. एसी बंद, खिडकी सताड उघडी, आणि बाबा बनियन भिजवून खिडकीशी बसलेले. पाय सुजून लाल झाले होते. पट्टीच्या टोकाला तीच पिशवी, आणि ते आपल्या फ्रिजमधला बर्फ पलीकडे सरकवत होते. मावशी म्हणत होती, "पुरे झालं, आता ते लावा आणि पडा. पोरगी येईल." म्हणजे हे रोजचं होतं. मी ऑफिसला निघाले की बंद, मी यायच्या आधी चालू.

मी तिथेच आरडाओरडा केला. म्हटलं, "मरायचंय का तुम्हाला?"

बाबा शांतपणे म्हणाले, "मी जन्मभर भट्टीवर होतो. धूर वर सोडला की गेला, असं आम्हाला वाटायचं. आभाळ मोठं आहे, कुणाला काय कळतंय! तो कुठेही गेला नव्हता, पोरी. हा बोळ तर केवढासा. इथे समोर कोण आहे ते मला दिसतं."

त्याच भट्टीच्या पगारावर आपण दोघं शिकलो. मी रिमोट पर्समध्ये टाकला. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याबरोबर ऑफिसला यायला लागला. बाबांनी भिंतीवरचं बटण बंद करायला सुरुवात केली, तर मी बटणावर झाकण बसवून कुलूप लावलं. ते खिडकी उघडायला लागले, तेव्हा सुताराला बोलावून फळी ठोकून घेतली. सुताराने विचारलं, "चोरांची भीती आहे का?" मी हो म्हटलं.

तू विचारतोस, बाबा फोनवर का येत नाहीत. ते माझ्याशीही बोलत नाहीत, दादा. मी त्यांना कोंडून घातलंय. जेवतात, औषध घेतात, भिंतीकडे तोंड करून पडतात. नाडी छान आहे, सूज उतरली. डॉक्टर म्हणाले, "उत्तम काळजी घेतली तुम्ही." मला तोंड लपवावंसं वाटलं.

मागच्या आठवड्यात मावशी तिच्या जिन्यात चक्कर येऊन पडली. सलाईन लावून घरी पाठवली. योग बघ, डॉक्टर तेच. म्हणाले, "यांना कोंदट खोलीत ठेवू नका, वारा येऊ द्या." मी म्हटलं, आमच्याकडे चल. ती आली, तासभर खुर्चीच्या कडेवर बसली. शिवणयंत्र आपल्या खोलीत मावत नाही, आणि यंत्राशिवाय ती खाणार काय? जाताना म्हणाली, "स्वतःचं घर समोर असताना पाहुणी होऊन कशी राहू गं?"

तू म्हणशील, डबा हलव. तो बसवणारा माणूस मी पुन्हा बोलावला होता. पुढच्या भिंतीखाली किल्ल्या बनवणारा म्हातारा दिवसभर बसतो. डाव्या बाजूला पाळणाघराची खिडकी. गच्चीवर पत्र्याच्या खोलीत रखवालदाराचं कुटुंब, आणि नळी तिथवर पोचतही नाही. तो माणूस वैतागून म्हणाला, "ताई, मशीन गारवा तयार करत नाही, आतली गरमी बाहेर नेऊन टाकतं. ती कुठेतरी पडणारच." मावशीला एसी घेऊन द्यावा, तर आपल्या बोळात नवीन जोडभार, म्हणजे जास्तीची वीज, मंजूर होणार नाही. तारा झेपत नाहीत. हे मला कोण सांगणार? फोनवर लोकांना मीच सांगते. आणि तुझ्याकडे न्यावं, तर तूच लिहिलंस की जंगलातल्या वणव्याच्या धुरामुळे तुम्ही महिनाभर खिडक्या लावून बसला होतात. तुझा राग येतो, खरं सांगते. एवढ्या लांब बसून तू एक भिंत निवडलीस आणि सुटलास. मग आठवतं, फोन मी केला होता आणि मान मी हलवली होती.

काल संध्याकाळी बाबा बोलले. कितीतरी दिवसांनी आवाज ऐकला म्हणून मी हातातलं काम टाकून धावले. म्हणाले, "मला तिच्या खोलीत नेऊन ठेव. तिला इथे आण. म्हातारा मी आहे, गरमीची सवय मला आहे."

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही आठवडाभरसुद्धा टिकणार नाही."

"मग निदान किल्ली माझ्याकडे दे. मरायचं नाही मला. पण कुणाच्या जिवावर जगायचं, ते मला न विचारता ठरवू नकोस."

रात्री ते झोपले आणि मी रडले. मला बाबा हवेत, दादा. मला मावशीही हवी. एवढंच मागणं आहे, आणि ते एका बोळात मावत नाही.

आज सकाळी निघताना मी फळीचे खिळे काढले. झाकणाचं कुलूप काढलं. रिमोट बाबांच्या उशीशी ठेवला. ते जागे होते, बघत होते. मी चपला घातल्या आणि मागे न बघता जिना उतरले.

आता जेवणाची सुट्टी संपत आली. बाहेर रस्त्यावर कुत्रंदेखील नाही. घरी एसी चालू आहे की बंद, मला ठाऊक नाही. फोन करावासा वाटतो आणि करवत नाही. संध्याकाळी आधी बोळात जाऊन उभी राहीन. वरून गरम हवा तोंडावर आली तर रडेन. नाही आली, तरी रडेन.

पुढच्या फोनवर एसी कसा चालतोय हे विचारू नकोस. बाबांनी फोन घेतला, तर त्यांना विचार की समोरच्या खिडकीतलं यंत्र वाजतंय का.

वहिनीला नमस्कार, छोटीला पापा.

काचेवर डोकं आपटणारा,
तुझाच भुंगा